टाकी, विहीर, खाडी : वाडीतल्या मुलांच्या पोहण्याच्या नोंदी

शनिवार, ५ एप्रिल २०२५. पाण्याचा शोध

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस गावाच्या दक्षिणेला, मुचकुंदी नदीच्या खाडीलगत. सात ते तेरा वयाची अकरा मुलं आहेत, त्यांतल्या तिघांनाच पोहता येतं. त्यांच्या आजोबांच्या पिढीत न पोहणारा माणूस शोधून सापडणार नाही. घरोघरी नळ आले, विहिरीवरची ये-जा थांबली, आणि जिथे पोहणं आपसूक यायचं ती जागाच गेली. खाडी मात्र आहे तिथेच आहे. मुलं खेकडे धरायला रोज तिच्या काठाला असतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा वर्षांपुढच्या मुलांना जुजबी पोहणं, पाण्यातली सावधगिरी आणि दुसऱ्याला सुरक्षितपणे वाचवणं शिकवावं. बांगलादेशात गावच्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून हेच शिकवतात. तिथली कसोटी साधी आहे : २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगणं, आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला बाहेर ओढणं. तीच आम्ही घेतली. तिच्याआधी एक आमची घातली : मुलाने पाण्यातून कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर यायचं. हे येत नाही तोवर पुढचं काही नाही.

जागा तीन होत्या. आंबेवाल्यांचं प्लॅस्टिक घातलेलं शेततळं सगळ्यांनी सुचवलं, कारण पाणी स्वच्छ आणि वर ऊन. मी कमरेला दोर बांधून उतरून पाहिलं. उतरले सहज, पण वर येता येईना. ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नाही, आणि जितकी धडपड करावी तितकं खाली घसरायला होतं. मोठ्या माणसाची ही गत, तर मुलाचं काय होईल ते सांगायला नको. शेततळं रद्द. मालकांना विचारून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर खुंटाला बांधून पाण्यात सोडले, ते कायमचे. ज्यांच्याकडे असं तळं आहे त्यांनी मुलांना शिकवा न शिकवा, हे दोर आज बांधा.

मग ठरलं ते असं. आधी आगरातली शिंपणाची सिमेंटची टाकी, तीन फूट पाण्याची. मग त्याच आगरातली पायऱ्यांची जांभ्याची विहीर. शेवटी खाडी, तीही जमलं तर. पिण्याच्या विहिरीत कोणी उतरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्या घरांत सांगून झालं.

बुधवार, ९ एप्रिल. सामान

शहरातून हातात घालायचे हवेचे फुगे मागवले होते, सहा जोड्या, ९०० रुपये. टाकीत घालून पाहिले आणि बाजूला ठेवले. दंडाला फुगा असला की मूल पाण्यात उभंच राहतं, पाय खाली, हनुवटी वर. पोहायला अंग आडवं पडावं लागतं. फुग्यांवर चार दिवस काढलेलं मूल ते उभं राहणंच शिकतं आणि फुगे काढले की थेट तळाला जातं.

शेवटी अण्णांनी जुना उपाय काढला. अण्णा म्हणजे आमचे शेजारी, जन्म जाळ्यावर गेलेला. दोन सुके असोले, म्हणजे न सोललेले, नारळ, मधे वीतभर अंतर ठेवून सुंभाने बांधायचे आणि छातीखाली घ्यायचे. मूल आपोआप आडवं होतं. नारळ घरचे, खर्च शून्य. पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधायची पद्धत त्यांच्या लहानपणी होती, पण नीट वाळलेलं लाकूड आता मिळेना. मोटारीच्या जुन्या ट्यूबा पंक्चरवाल्याकडून घेतल्या, पाच, प्रत्येकी १२०. त्यांच्या तोंडाचा धातूचा व्हॉल्व्ह पोटाला लागतो, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी लागली.

रविवार, १३ एप्रिल. टाकीचा पहिला दिवस

सकाळी सातला बोलावलं होतं. पाच मुलं पाण्यात उतरली आणि दहा मिनिटांत तीन बाहेर. दात वाजत होते, हात छातीशी घट्ट. कडेच्या बायका म्हणाल्या, घाबरली. मलाही तसंच वाटलं. सातवीतला एकजण मात्र पुटपुटला, "ताई, मी नाय भ्यालो, पाणी थंड हाय." टाकी पोफळींच्या दाट सावलीत, रात्रभर गार झालेली. आखडलेलं अंग आणि भ्यालेलं अंग बाहेरून सारखंच दिसतं. थंडीने आखडलेल्या मुलाला "घाबरू नको रे" असं सांगत राहिलं तर दोन दिवसांनी ते स्वतःला खरंच घाबरट समजू लागतं.

वेळ बदलली : दुपारी चार. पाण्यात एका वेळी वीस मिनिटं, मग बाहेर येऊन पंचा गुंडाळून उन्हात. ओठ निळे दिसले की लगेच बाहेर, तक्रार असो नसो. चारला वीज जाते, पंप बंद पडतो, म्हणून टाकी सकाळीच भरून ठेवतो. दर तीन दिवसांनी उपसून पाणी पोफळींना.

बुधवार, १६ एप्रिल. आधी बाहेर येणं

आज पोहणं नाही. फक्त टाकीबाहेर येणं. दोन्ही तळहात कठड्यावर, उडी, छाती कठड्यावर टाकायची, एक गुडघा वर, मग दुसरा. सगळ्यांना वाटतं हे काय शिकवायचं, पण सातांपैकी चौघांना ते येत नव्हतं. एरवी कोणीतरी दंडाला धरून वर ओढतं आणि मुलाच्या हे ध्यानातही येत नाही की आपल्याला येत नाही.

धाकटी, दुसरीतली, तिला उंची पुरेना. तिच्यासाठी आत एक चिरा टाकला. चिऱ्यावर पाय, मग कठडा. जमल्यावर ती पुन्हा पुन्हा आत जाऊन बाहेर येत राहिली, कोणी सांगितलं नव्हतं. तोवर ती टाकीत कडेला चिकटून उभी असायची. आज संध्याकाळी ती मधे उभी राहिली. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला तिने स्वतःच सुरुवात केली.

बुडबुड्यांविषयी एवढंच : मुलं श्वास घेतात आणि कोंडून धरतात. सोडायला शिकवावं लागतं. पाण्यात नाकाने "हंऽऽ" असा आवाज काढायला लावला की श्वास आपोआप सुटतो आणि नाकात पाणी जात नाही.

रविवार, २० एप्रिल. हात सोडला

आजचा दिवस वाया गेला आणि पुढचेही काही जातील.

एका मुलाच्या मामांना मदतीला घेतलं होतं. मामा स्वतः पट्टीचे पोहणारे. मुलगा पाठीवर पडलेला, मामांचा तळहात मानेखाली. मुलगा म्हणत होता, "मामा, सोडू नका हां." मामा "नाही रे सोडत" म्हणाले आणि सोडला. मुलगा तीन-चार सेकंद छान तरंगला. कडेच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मान वळवून पाहिलं, हात खाली नाही हे कळलं, गटांगळी खाल्ली, उठला आणि निमूट बाहेर जाऊन कपडे घालायला लागला.

मामांचं म्हणणं, "अहो पण आलं ना त्याला! आम्हाला तर बापाने विहिरीत ढकलून शिकवलं." असं शिकलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ते खरंच चांगलं पोहतात. पण ढकलल्यावर जे पाण्याला कायमचे दुरावले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. वाडीतच असे दोन पुरुष आहेत, पन्नाशीचे, खाडीकाठी जन्म गेला आणि होडीत बसताना आजही काठ धरून बसतात.

नियम केला, मोठ्यांसाठी. मूल "सोडा" म्हणेल तेव्हाच सोडायचं. "सोडू नका" म्हणालं तर धरून ठेवायचं, हात भरून आला तरी. एकदा दिलेला शब्द मोडला की मूल पाण्याला नव्हे, आपल्याला घाबरतं, आणि ते दुरुस्त करायला फार वेळ लागतो.

रविवार, २७ एप्रिल

तो मुलगा आठवडाभर आला नाही. आज आला, पण कडेला बसला. त्याला शिट्टी दिली : वीस मिनिटं झाली की वाजव, आणि कोणाचे ओठ निळे दिसले की वाजव. वाजवली, चोख. दिवस संपताना पाय पाण्यात सोडून बसला. कोणी काही बोललं नाही. मामांना मी आधीच विनंती केली होती की आज त्याच्याकडे बघूही नका.

बाकीच्यांत सहाजण पाठीवर ३० सेकंद पडून राहतात. कान पाण्यात गेले की मुलं दचकतात, कारण आवाज एकदम बदलतो. म्हणून आधी नुसते कान बुडवून बसायचं आणि बाहेरचा आवाज कसा येतो ते सांगायचं. हे सगळ्यांना आवडलं.

गुरुवार, १ मे. विहीर तयार करणं

सुट्टीचा दिवस, वाडीतले आठ-दहा जण हजर. विहिरीचा व्यास १२ फूट, पाणी ९ फूट. पायऱ्यांवर शेवाळ. नारळाच्या सोडणांनी घासून काढलं, दुपार गेली.

पाण्याचं गणित : व्यास ३.६६ मीटर, खोली २.७४ मीटर, म्हणजे सुमारे २९ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे ७२ ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग पाणी वाढवून दहा मिनिटं ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली नेऊन हिसडे द्यायचे. हे रात्री करतो, सकाळपर्यंत वास उतरतो. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून डबा घट्ट बंद. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्या दादांनी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, करून दाखवली, पाणी पिवळं झालं, ठीक.

पायऱ्या पाण्याच्या पातळीला संपतात. त्यांच्याखाली पाय टेकायला जागा हवी होती. आधी बांबूची शिडी सोडली. बांबू ओला झाला की गुळगुळीत, आणि बांधलेल्या आडव्या काठ्या वजनाने फिरतात. अण्णा स्वतः चढताना घसरले, नडगी सोलवटली. मग सुताराकडून लाकडी शिडी करून घेतली, २२०० रुपये, प्रत्येक पायरीला सुंभ गुंडाळून, खाली दगड बांधून. तिला वेळ लागला, तीन दिवस विहीर नुसती बघत बसलो. पण मुलांच्या पायाला सुंभाचा खरखरीतपणा लागला की त्यांचा चेहराच सैल होतो.

विहिरीवर आडवा जाड नायलॉनचा दोर ताणला, पाण्याच्या वर वीतभर. कुठेही असलं तरी दोन हातांत दोर किंवा शिडी मिळते.

रविवार, ४ मे

चौथीतली एक मुलगी. टाकीत सगळ्यांत पुढे होती. विहिरीशी आली आणि गप्प. टाकीचा तळ दिसतो, विहिरीचा दिसत नाही, पाणी हिरवं-काळं.

ती शिडीवर गळ्यापर्यंत उतरली. उजवा हात शिडीच्या पायरीवर. मी समोर, हातभर अंतरावर. तिने आधी करंगळी सोडली. मग तिच्याजवळचं बोट. तीन बोटांवर ती बराच वेळ होती, बोटांची पेरं पांढरी झालेली. मी काही म्हटलं नाही. मग दोन बोटं. मग तिने परत सगळी मूठ आवळली, वर आली, पायरीवर बसली, श्वास घेतला, आणि पुन्हा उतरली. या वेळी सरळ दोन बोटांपासून सुरू केलं. "ताई, मी आता सोडतंय," ती म्हणाली, आणि सोडलं. पाठीवर पडली, कान पाण्यात, डोळे वर गोल आभाळाकडे. तोंडाने आकडे मोजत होती. तीसला थांबली नाही, चाळीसपर्यंत गेली, मग पालथी होऊन हात मारत शिडी धरली.

वर आल्यावर तिने धाकट्या भावाला सांगितलं, "बोटं एकेक सोडायची. एकदम नाय सोडायची." त्यानंतर विहिरीत उतरलेल्या प्रत्येक मुलाने हेच केलं. माझ्या सूचना कमी पडल्या तिथे हे चाललं.

बुधवार, ७ मे. कठड्यावरची माणसं

विहिरीभोवती गर्दी होते. "पाय मार!" "मान वर!" "बघ ती कशी पोहते!" चारी बाजूंनी एकदम सूचना आल्या की मूल कोणाचंच ऐकत नाही, नुसतं धडपडतं. शेवटचं वाक्य सगळ्यांत वाईट. बहिणीशी तुलना झाली की भाऊ पुढच्या दिवशी पोट दुखतं म्हणून येत नाही. कठड्यावर आता दोनच मोठी माणसं : एकाच्या हातात लांब बांबू, दुसऱ्याच्या हातात दोर. दोघांनी बोलायचं नाही, मोबाइल नाही, फक्त पाण्याकडे बघायचं. बाकीच्यांना पलीकडे पंचे सांभाळायला आणि पेज द्यायला बसवलं.

सहावी-सातवीच्या तीन मुलींना घरून परवानगी नव्हती. "मोठी झाली आता." त्यांच्या आयांशी ओटीवर बसून बोलले. अडचण पोहण्याची नव्हती, कपड्यांची आणि कोण बघतंय याची होती. मुलींची वेळ वेगळी केली, कठड्यावर बायकाच. कपडे : घट्ट टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची लेगिंग. सुती कुर्ता आणि सलवार पाणी पिऊन जड होतात, पायांत अडकतात. एक आई स्वतःच उतरली, तिला लहानपणी येत होतं. दोन हात मारले आणि हसत शिडी धरली. त्यानंतर तिच्या मुलीला काही समजावावं लागलं नाही.

शिट्टीवाला मुलगा आज टाकीत पाठीवर पडला. माझा हात मानेखाली. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सोडा." सोडला.

रविवार, ११ मे. दुसऱ्याला वाचवणं

मुलांना हे पोहण्यापेक्षा जास्त आवडलं. बुडणारं मूल सिनेमात ओरडतं तसं ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वरखाली होतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार. हात आडवे पसरून पाणी दाबत असतं, बघणाऱ्याला वाटतं खेळतंय. अशा वेळी वाचवायला उडी मारणारं दुसरं मूलही जातं, आणि आपल्या किनाऱ्यावर एकामागोमाग बुडण्याच्या कितीतरी घटनांत हेच झालं आहे.

म्हणून क्रम पाठ करून घेतला : हाक, काठी, दोर, आणि पाण्यात उतरायचं ते मोठ्यांनीच. दोराच्या टोकाला असोला नारळ बांधून फेकायचा. नेम माणसाच्या डोक्यावर धरायचा नाही, त्याच्या पलीकडे टाकून ओढत आणायचं. काठी देताना स्वतः पालथं पडायचं, उभं राहून दिली तर आपणच ओढले जातो. दुसरीतली धाकटी नेम धरायला सगळ्यांत चांगली निघाली.

मोठ्यांना वेगळं सांगितलं. बुडालेल्याला उलटं धरणं, पोट दाबणं, कुंभाराच्या चाकावर घालून फिरवणं, हे सगळं सोडा. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, ३० दाब आणि २ श्वास, थांबायचं नाही, आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ लावायचा.

रविवार, १८ मे. खाडी

वेळ अण्णांनी काढली. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ मिळते : वद्य षष्ठी, म्हणजे साडेचार. पौर्णिमेचं उधाण मागे पडलेलं, भांगाकडे, म्हणजे मंद भरती-ओहोटीकडे, चाललेलं पाणी, म्हणून ओढ कमी. भरती पुरी झाल्यावर पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढीच आपली वेळ. ओहोटी लागली की बाहेर.

पायांत जुने बूट, कारण खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, ब्लेडसारखी कापतात. चिखलात पाय उचलून टाकायचा नाही, सरपटवत न्यायचा, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर सरकून जातं. कोणाच्या अंगावर उघडी जखम असेल तर तो काठावर. दोन होड्या, एक काठाला समांतर, दोघांत दोर.

खाऱ्या पाण्यात अंग हलकं लागतं, मुलं खूश. सहाजणांनी २५ मीटर पार केले. चौथीतली त्यांत होती.

शिट्टीवाला मुलगा गुडघाभर पाण्यात आला, थांबला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "मी आज नाय जाणार. मला विहिरीत नीट आल्याशिवाय नाय." काही मुलं हसली. तो मागे फिरला नाही, काठावर उभा राहून दोर धरला शेवटपर्यंत. नोंदवहीत मी त्याच्या नावापुढे आज बरोबरची खूण केली. एप्रिलमध्ये हाच मुलगा नको असूनही बोलू शकला नव्हता, नुसता उठून गेला होता. पाण्याकाठी वाढणाऱ्या मुलाला चारचौघांत "आज नाही" म्हणता आलं तर त्यावर माझा जास्त भरवसा आहे.

उलट काळजी वाटली ती विहिरीत सगळ्यांत तरबेज असलेल्या थोरल्याची. ओहोटीची शिट्टी झाली तरी तो होडीपलीकडे जायला बघत होता. विहिरीचं पाणी ओढत नाही, खाडीचं ओढतं, हे त्याला तोंडी सांगून पटेना. मग एक नारळ पाण्यावर सोडला आणि सगळ्यांना काठाने त्याच्याबरोबर चालायला लावलं. आधी चालले, मग भराभर, मग पळावं लागलं, आणि नारळ तरी पुढेच. तो थोरला थांबून बघत राहिला. घरी जाताना त्यांना १ फेब्रुवारी २०१६ची गोष्ट सांगितली, मुरूडच्या समुद्रात पुण्याहून आलेले १४ विद्यार्थी बुडाले ती. त्याने विचारलं, "तेव्हा ओहोटी होती?"

शनिवार, २४ मे

काम बंद. मंगळवारपासून पाऊस, आज कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं. वारा एवढा की विहिरीवरचा दोर काढून ठेवला. मे अखेरपर्यंतचा बेत होता, दहा दिवस हातचे गेले. पाणी गढूळ आहे, तळ सोडा, शिडीची दुसरी पायरीही दिसत नाही. त्यात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती. आता पाण्यात कोणी नाही.

रविवार, ८ जून. हिशेब आणि राहिलेलं

शिडी २२००. नायलॉन दोर ९००. ट्यूबा ६००. बांबू ४००. दोन लाइफ जॅकेट १७००. ब्लीचिंग ६०, शिट्टी ४०, मलमपट्टी ३५०. वाया गेलेले फुगे ९००. एकूण ७१५० रुपये, आठ घरांत वाटून.

न पोहणारी आठ होती. सहाजणांची कसोटी पुरी. दुसरीतली धाकटी पाठीवर पडते, पंधरा मीटरपर्यंत जाते. शिट्टीवाला विहिरीत दोरापर्यंत जाऊन परत येतो, तोही बाकी.

पुन्हा सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा विहीर भरलेली असते, पाणी वरच्या पायऱ्यांना लागतं, बाहेर येणं सोपं पडतं. मेमध्ये पाणी रोज खाली जात होतं, शिडी दोनदा खाली सरकवावी लागली आणि प्रत्येक वेळी एक दिवस मोडला. जे मेमध्ये सुरू करणार आहेत त्यांनी शिडी आधीच चार फूट जास्त लांब करून घ्यावी. सुंभ पावसात कुजतं, ते नव्याने गुंडाळायचं आहे. थोरल्याला दिवाळीत विहिरीच्या कठड्यावर बांबू धरून उभं करायचं ठरलं आहे, अण्णांबरोबर.